शपथेची फौज : खान अब्दुल गफार खान आणि खुदाई खिदमतगार

ब्रिटिश हिंदुस्थानच्या वायव्य टोकाला लॉर्ड कर्झनने १९०१ साली पंजाबातून वेगळा काढून जो नवा प्रांत उभा केला, त्याची घडण मुळातच दुहेरी होती. हजारा, पेशावर, कोहाट, बन्नू आणि डेरा इस्माईल खान हे पाच जिल्हे थेट सरकारी अमलाखाली होते. तेथे सारा वसूल होई, कचेऱ्या चालत आणि कालवे निघत. या जिल्ह्यांच्या आणि १८९३ साली आखलेल्या ड्युरँड रेषेच्या मध्ये टोळ्यांचा मुलूख पसरलेला होता, जेथे सरकारचा कारभार राजकीय अधिकाऱ्यांमार्फत, कधी टोळ्यांना भत्ते देऊन तर कधी पलटणी धाडून चाले. मराठी बोलण्यात 'अटकेपार' म्हणून जो प्रदेश पराक्रमाची शेवटची हद्द ठरला आहे तो हाच. मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या गिरणगावाला पठाण ठाऊक होता तो पगाराच्या दिवशी दाराशी उभा राहणारा सावकार म्हणून, आणि इंग्रज अधिकाऱ्यांना तो ठाऊक होता 'लढाऊ जमात' या ठरीव साच्यातून. दोन्ही चित्रांत हिंसा हा पठाणाचा स्वभावधर्मच मानलेला असल्यामुळे, १९३० साली त्याच पठाणांची निःशस्त्र संघटना साम्राज्यासमोर उभी राहिली तेव्हा पाहणाऱ्यांना तो चमत्कार वाटला, तिच्या नेत्याला 'सरहद्द गांधी' हे नाव पडले आणि त्या चमत्काराचे श्रेय परभारे साबरमतीच्या खात्यावर जमा झाले. खान अब्दुल गफार खान यांच्या कार्याचा क्रम तपासला तर हा उलगडा अपुरा ठरतो, कारण त्यांच्या अहिंसेची मुळे त्यांच्या स्वतःच्या समाजाच्या दुखण्यात होती आणि गांधींची भेट होण्याच्या बऱ्याच आधीपासून ते त्या दुखण्यावर उपाय शोधत होते.

हे दुखणे समजून घेण्यासाठी पख्तून, म्हणजे पठाण, समाजाच्या रचनेकडे वळावे लागते. 'पख्तूनवली' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अलिखित आचारसंहितेत पाहुण्याचा सत्कार आणि शरण आलेल्याला अभय या गोष्टींना जेवढे मोल आहे, तेवढेच 'बदल'ला, म्हणजे अपमानाचा किंवा खुनाचा सूड घेण्याच्या कर्तव्याला आहे. या सुडाचा रोख बहुधा परक्यावर नसे, तर वडिलांकडच्या चुलत भावंडांवर, अर्थात जमिनीतील वाटेकऱ्यांवर असे, आणि 'तरबूर' या पश्तो शब्दात चुलत भाऊ आणि प्रतिस्पर्धी हे दोन्ही अर्थ एकवटले आहेत. पूर्वी ठरावीक वर्षांनी गावाची जमीन कुळांमध्ये नव्याने वाटून घेण्याची 'वेश' नावाची पद्धत होती आणि त्यामुळे एकाच घराकडे कायमची सत्ता साचत नसे. इंग्रजी अमलात जमाबंदी झाली, ताबेदारांच्या नावे मालकी कायम झाली, मोठ्या खानांना इनामे, पदव्या आणि मानद न्यायाधीशाची पदे मिळाली आणि भाऊबंदकीला नवे इंधन मिळाले. त्यावर कळस म्हणजे १९०१चा सरहद्द गुन्हे कायदा. या कायद्याने जिल्हाधिकाऱ्याला आपल्या पसंतीच्या माणसांची जिरगा, म्हणजे पंचायत, नेमून साक्षीपुराव्याच्या नेहमीच्या नियमांशिवाय शिक्षा ठोठावण्याचा आणि एकाच्या गुन्ह्यासाठी साऱ्या गावाला किंवा टोळीला दंड करण्याचा अधिकार दिला. वैर जितके अधिक तितकी दडपशाहीला सबब अधिक, आणि दडपशाही जितकी कडक तितके खानांचे सरकारशी संधान घट्ट, असे हे चक्र होते. परकी सत्ता आणि घरातले वैर एकमेकांच्या आधाराने उभे आहेत ही गोष्ट ज्याच्या ध्यानात येईल, त्याला बंदूक खाली ठेवणे हाच राजकीय डावपेच वाटू लागेल, यात नवल नाही.

अब्दुल गफार यांचा जन्म पेशावर जिल्ह्यातील चारसद्दा तहसिलीतील उतमानझई या गावी १८९० साली झाला. वडील बेहराम खान हे मुहम्मदझई टोळीतील सुखवस्तू जमीनदार होते, आणि त्या भागात दुर्मीळ म्हणावी अशी त्यांची ख्याती होती : त्यांनी आपली वैरे मिटवून टाकली होती. मुल्लांचा विरोध असतानाही त्यांनी दोन्ही मुलांना पेशावरच्या मिशन शाळेत घातले. थोरला मुलगा, जो पुढे डॉ. खानसाहेब म्हणून प्रसिद्ध झाला, वैद्यकीय शिक्षणासाठी विलायतेला गेला आणि इंग्रज पत्नी घेऊन परतला. धाकट्या अब्दुल गफारला 'गाइड्स' या नामांकित पलटणीत अधिकारपद मिळण्याची संधी आली होती, परंतु त्याच पलटणीतील एका ओळखीच्या हिंदी अधिकाऱ्याचा एका गोऱ्याने केलेला अपमान डोळ्यांदेखत पाहिल्यावर त्याने तो नाद सोडला. अलिगढला काही काळ काढल्यानंतर विलायतेस जाण्याचा बेत ठरला, पण एक मुलगा गमावल्यासारखाच झालेल्या आईने दुसऱ्याला परवानगी दिली नाही. नोकरीही नाही आणि विलायतही नाही, अशा अवस्थेत विशीतल्या या उंच, धिप्पाड तरुणाने १९१०च्या सुमारास गावात शाळा काढली आणि पुढील पन्नास-साठ वर्षांच्या राजकारणाची सुरुवात खडू-फळ्यापासून झाली.

या शाळांच्या कामात त्यांचे ज्येष्ठ सहकारी होते तुरंगझईचे हाजीसाहेब. हाजीसाहेब सुधारक होते आणि जिहादी योद्धेही होते. १९१५ साली अटकेची चाहूल लागताच ते मोहमंद टोळीच्या डोंगराळ मुलखात निघून गेले आणि तेथून इंग्रजांशी लढत राहिले. देवबंदच्या उलेमांशी संपर्कात असलेल्या अब्दुल गफार यांनीही त्या काळात टोळ्यांच्या मुलखात जाऊन सशस्त्र उठावाच्या शक्यता चाचपल्या होत्या, आणि हा तपशील त्यांच्या चरित्रात बहुधा घाईने उरकला जातो. शस्त्राचा मार्ग त्यांनी जन्मजात सौम्यपणामुळे टाळलेला नव्हता. तो जवळून पाहिला होता, आणि प्रत्येक उठावानंतर विमाने, तोफा आणि सामूहिक दंड हेच पदरी पडते व नंतर टोळ्या आपापसात पूर्ववत भांडू लागतात, हेही पाहिले होते. सरकारने शाळा बंद पाडल्या. १९१९ साली रौलट कायद्याविरुद्ध उतमानझईला मोठी सभा झाली, त्यांना अटक झाली आणि वृद्ध बेहराम खानही तुरुंगात गेले. पुढच्या वर्षी खिलाफतीच्या लाटेत हजारो मुसलमान ब्रिटिश राज्य सोडून अफगाणिस्तानात गेले; या 'हिजरत'मध्ये, म्हणजे धर्मासाठी केलेल्या देशत्यागात, अब्दुल गफारही सामील झाले. परंतु अफगाण अमीर अमानुल्लाच्या राज्यात या लोंढ्याची सोय होऊ शकली नाही, कित्येक जण कंगाल होऊन परतले, आणि देश सोडून देशाचे काही होत नाही हा धडा घेऊन तेही गावी आले.

परतल्यावर १९२१च्या एप्रिलमध्ये त्यांनी 'अंजुमन-इ-इस्लाह-उल-अफाघिना' ही पठाणांच्या सुधारणेची संस्था स्थापली आणि उतमानझईला आझाद शाळा उघडली. येथे धर्मशिक्षणाबरोबर सुतारकाम, विणकाम यांसारखे हातव्यवसाय शिकवले जात, आणि ही गोष्ट वाटते तेवढी साधी नव्हती, कारण जमीन कसणे आणि शस्त्र धरणे यांखेरीज इतर कामांना, विशेषतः कारागिरीला आणि दुकानदारीला, मानी पठाण कमी लेखत असे. शाळा काढल्याबद्दल सरहद्दीच्या चीफ कमिशनरने बेहराम खानांकरवी मुलाला समजावण्याचा प्रयत्न केला, तो फसल्यावर त्याच वर्षअखेरीस अब्दुल गफार यांना तीन वर्षांची सक्तमजुरी झाली. तुरुंगात दळण दळत, एकांतकोठडीत बेड्या वागवत त्यांनी ती काढली. १९२४ साली ते सुटले तेव्हा लोकांनी त्यांना 'फख्र-ए-अफगाण' ही पदवी दिली. 'बादशहा खान' हे नाव पुढे चिकटले आणि अखेरपर्यंत टिकले. १९२६ साली वडील वारले, त्याच वर्षी हजला गेले असता जेरुसलेममध्ये दुसरी पत्नी जिन्यावरून पडून मरण पावली. पहिली पत्नी काही वर्षांपूर्वी गेलेलीच होती. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. १९२८च्या मे महिन्यात त्यांनी 'पख्तून' हे पश्तो मासिक सुरू केले, ज्यात राजकीय लेखांच्या शेजारी सुडाच्या रूढीवर, लग्नातल्या उधळपट्टीवर टीका छापून येई आणि स्त्रियांचे लेखनही प्रसिद्ध होई. घरोघर पश्तो बोलणाऱ्या पण उर्दू-फारसीत लिहिणाऱ्या समाजात मातृभाषेचे मासिक काढणे हेच मोठे धाडस होते.

अशा वीस वर्षांच्या पूर्वतयारीवर १९२९च्या नोव्हेंबरमध्ये 'खुदाई खिदमतगार' ही संघटना उभी राहिली. ईश्वराला सेवेची गरज नाही, म्हणून त्याच्या निर्मितीची सेवा हीच त्याची सेवा, असा या नावामागचा विचार होता. भरती होणाऱ्याला कुराणाला स्मरून शपथ घ्यावी लागे : हिंसा करणार नाही, सूड घेणार नाही, छळ करणाऱ्याला क्षमा करीन, गटबाजी आणि भांडणतंटा यांपासून दूर राहीन, रोज किमान दोन तास समाजकार्यासाठी देईन आणि कशाचाही मोबदला मागणार नाही. पठाणाने दिलेला शब्द मोडणे ही त्याच पख्तूनवलीतील सर्वांत मोठी नामुष्की असल्यामुळे, संहितेतील एका कर्तव्याला, म्हणजे सुडाला, दुसऱ्या कर्तव्याने, म्हणजे शब्दपालनाने, वेसण घालण्याची ही युक्ती होती. पैगंबरांनी मक्केत छळ सोसताना दाखवलेला 'सब्र', म्हणजे धीर आणि सहनशीलता, हा त्यांच्या उपदेशाचा दुसरा आधार होता. अहिंसा हे पैगंबरांचेच विसरलेले शस्त्र आहे, असे ते गावोगावच्या हुजऱ्यांमधून, म्हणजे पुरुषांच्या बैठकीच्या चौपालांतून, सांगत फिरत. त्यांच्या अहिंसेत अशा रीतीने लज्जा, अभिमान आणि धर्म या तिन्ही जुन्याच प्रेरणा होत्या, फक्त त्यांची दिशा उलटी केलेली होती.

संघटनेचे बाह्य रूप मात्र सरळसरळ लष्करी होते. गणवेशाची पांढरी खादी लवकर मळत असल्यामुळे चामडे कमावण्याच्या कुंडातील रंगात ती बुडवली गेली, विटकरी तांबडा रंग चढला आणि 'लाल डगलेवाले' जन्माला आले. इंग्रज अधिकाऱ्यांनी या रंगात बोल्शेव्हिकांची छाया पाहिली आणि तसे अहवाल वर धाडले. पलटणी, कंपन्या, कॅप्टन-जनरलांसारखे हुद्दे, ढोल आणि मशकबाज, रोजची कवायत, लांब पल्ल्याच्या कूच, हे सारे त्यात होते, आणि तरीही हातात काठीदेखील नव्हती. सैन्यातून निवृत्त झालेल्या माणसांना या शिस्तीचे आकर्षण होते, तर मशागतदार, कोष्टी, लोहार अशा खालच्या समजल्या जाणाऱ्या लोकांना येथे खानाच्या मुलाबरोबर एका रांगेत उभे राहता येई. मानववंशशास्त्रज्ञ मुकुलिका बॅनर्जी यांनी १९९०च्या दशकात हयात असलेल्या वृद्ध खिदमतगारांच्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या, तेव्हा त्यांच्या आठवणींत शपथ, कवायत, गाव झाडणे, सूत कातणे आणि जुने वैर मिटवणे याच गोष्टी वारंवार वर आल्या. इतिहासलेखनात सत्याग्रहाचे मोठे प्रसंग भरून राहतात, पण त्या प्रसंगांत मार खाऊनही हात न उचलणारी माणसे या कंटाळवाण्या रोजच्या कामातून घडली होती, हे या मुलाखतींनी पुढे आणले.

संघटना उणीपुरी सहा महिन्यांची असताना तिची कसोटी लागली. १९२९च्या लाहोर काँग्रेसला अब्दुल गफार खान आणि त्यांचे सहकारी हजर होते आणि तेथील पूर्ण स्वातंत्र्याच्या ठरावाचे पडसाद सरहद्दीवर उमटत होते. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरकडे जात असताना त्यांना वाटेतच पकडून चारसद्द्याला नेण्यात आले, आणि त्याच दिवशी पेशावर शहरात काँग्रेसच्या स्थानिक पुढाऱ्यांच्या अटकेवरून किस्साखानी बाजारात जमाव जमला. चिलखती गाड्या गर्दीत घुसल्या, त्यांखाली माणसे चिरडली, एका इंग्रज मोटारसायकलस्वाराचा जीव गेला, एका गाडीने पेट घेतला आणि मग गोळीबार सुरू झाला, जो थांबत-थांबत काही तास चालला. प्रेते उचलू द्या, मग आम्ही जातो, अशी लोकांची मागणी होती. ती नाकारली गेली आणि पुढच्या रांगेतील माणसे पडली की मागची पुढे येत राहिली. सरकारने मृतांचा आकडा तिसाच्या आसपास सांगितला, विठ्ठलभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसने नेमलेल्या चौकशी समितीने तो सव्वाशेच्या घरात नेला, आणि सरकारने त्या समितीचा अहवालच जप्त केला. याच दिवशी रॉयल गढवाल रायफल्सच्या दुसऱ्या बटालियनमधील एका तुकडीने, हवालदार चंद्रसिंग गढवाली यांच्या पुढाकाराने, निःशस्त्र लोकांवर गोळी झाडण्यास नकार दिला. हिंदू शिपायांनी मुसलमान जमावावर बंदूक रोखायला नकार द्यावा, ही घटना फोडाफोडीच्या हिशेबात कोठेच बसणारी नव्हती. चंद्रसिंगांना जन्मठेप झाली आणि त्यांच्या साथीदारांना दीर्घ मुदतीच्या शिक्षा. सरकारी फौजेने शहर सोडले आणि सुमारे दहा दिवस पेशावरवर प्रत्यक्षात सरकारचा अंमल नव्हता.

त्यानंतर जे घडले ते मैदानी प्रांतांतील दडपशाहीहून अधिक कठोर होते. उतमानझईच्या कचेरीला वेढा पडला, लाल कपडे उतरवण्यास नकार देणाऱ्यांना नागवे करून मारण्यात आले, टक्कर येथे गोळीबार झाला, धान्याच्या कणग्या नासवल्या गेल्या, आणि आफ्रिदी टोळ्यांनी पेशावरवर चाल केल्यावर ऑगस्टमध्ये जिल्ह्यात लष्करी कायदा पुकारला गेला. परिणाम उलटा झाला. एप्रिलपूर्वी जेमतेम हजारभर असलेल्या खिदमतगारांची संख्या वर्षभरात हजारो-हजारोंनी वाढली, आणि काही दावे लाखापर्यंत जातात. पंजाबातील गुजरात येथील तुरुंगात असलेल्या अब्दुल गफार खानांनी दोन सहकाऱ्यांकरवी प्रथम मुस्लिम लीगच्या पुढाऱ्यांकडे मदत मागितली. इंग्रजांशी उघड वैर घेण्याची लीगची तयारी नव्हती, म्हणून सहकारी काँग्रेसकडे गेले आणि काँग्रेसने हात पुढे केला. १९३१च्या ऑगस्टमध्ये खुदाई खिदमतगार औपचारिकपणे काँग्रेसशी जोडले गेले. हे नाते गरजेतून जुळले, पण त्याच तुरुंगात हिंदू व शीख राजबंद्यांसमवेत गीता आणि ग्रंथसाहिब वाचणाऱ्या त्यांच्या मनाला ते परके वाटले नाही. सरकारने दुसरीकडे १९३२ साली प्रांताला गव्हर्नर आणि विधिमंडळ दिले, म्हणजे तीस वर्षे सुधारणांपासून वंचित ठेवलेल्या प्रांताला त्याच्या निःशस्त्र बंडानंतरच बरोबरीचा दर्जा मिळाला.

१९३१च्या डिसेंबरात पुन्हा अटक झाली आणि हजारीबागच्या तुरुंगात अडीच वर्षांहून अधिक काळ गेला. १९३४च्या ऑगस्टमध्ये सुटका झाली ती सरहद्द प्रांत आणि पंजाब येथे प्रवेशबंदी घालूनच, आणि त्यामुळे या कथेत वर्धा येते. जमनालाल बजाजांच्या निमंत्रणावरून दोघे खानबंधू वर्ध्याला गांधींच्या सहवासात राहिले. गांधींचे सचिव महादेव देसाई यांनी त्या काळातील संभाषणांतून दोघांचे छोटे चरित्र लिहिले, जे हिंदुस्थानभर वाचले गेले आणि ज्याने बाहेरच्या वाचकाला सरहद्दीची पहिली जवळून ओळख करून दिली. मुंबई काँग्रेसचे अध्यक्षपद देऊ केले असता आपण साधा शिपाई आहोत, असे म्हणून अब्दुल गफार खानांनी ते नाकारले. मुंबईतच ख्रिस्ती श्रोत्यांपुढे सरहद्दीवरील अत्याचारांची हकिकत सांगितल्याबद्दल त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरला गेला, ७ डिसेंबर १९३४ रोजी वर्ध्याला अटक झाली आणि दोन वर्षांची शिक्षा पदरी पडली. सुटल्यावरही बंदी कायम असल्याने ते वर्धा-सेवाग्रामलाच परतले आणि १९३७ साली मायभूमीत पाऊल ठेवू शकले. विदर्भाच्या उन्हात काढलेल्या या दिवसांनी त्यांचा गांधींशी स्नेह पक्का केला, तरी त्यांची संघटना यापूर्वीच आपल्या पायांवर उभी राहून मार खाऊन चुकली होती.

१९३७च्या निवडणुकीत पन्नासपैकी एकोणीस जागा मिळवणाऱ्या काँग्रेसला आरंभी सत्ता मिळाली नाही; सप्टेंबरमध्ये डॉ. खानसाहेबांचे मंत्रिमंडळ आले. त्याने मानद न्यायाधीशांची पदे रद्द केली आणि कर्जबाजारी शेतकऱ्यांना दिलासा देणारे कायदे केले. पण १९३८ साली मर्दानजवळ गल्लाढेर येथे नवाबाच्या कुळांनी बेदखलीविरुद्ध लढा पुकारला तेव्हा याच मंत्रिमंडळाने त्यांना तुरुंगात डांबले. खुदाई खिदमतगारांची बंधुता कुळ आणि खान यांच्यातील हितविरोधापाशी येऊन अडखळत होती, आणि स्वतः खानपुत्र असलेल्या नेत्याला जमिनीच्या प्रश्नावर भूमिका घेणे कधी सोपे गेले नाही. गांधींनी १९३८ साली दोनदा सरहद्दीचा दौरा केला आणि दर मुक्कामी खिदमतगारांना खोदून विचारले की शस्त्राविना आपण अधिक बलवान झालो असे त्यांना खरोखर वाटते का. उत्तरे आदबशीर आली, पण गांधींची शंका पुरती फिटली नाही. तरी दोन वर्षांनी प्रत्यक्ष प्रसंग आला तेव्हा डगमगली ती काँग्रेस. युद्धात सशर्त सहकार्य देऊन परचक्राच्या बाबतीत अहिंसा बाजूला ठेवण्याचा विचार काँग्रेस कार्यसमितीने जुलै १९४० मध्ये स्वीकारला आणि महिनाअखेरीस पुण्याच्या बैठकीत त्यावर शिक्कामोर्तब झाले. अब्दुल गफार खान तोवर कार्यसमितीचा राजीनामा देऊन मोकळे झाले होते. १९४२च्या आंदोलनात मर्दानकडे जथा घेऊन जाताना त्यांना लाठीमार झाला, बरगड्या मोडल्या आणि पुढची सुमारे तीन वर्षे तुरुंगात गेली.

१९४६ सालच्या निवडणुकीत, म्हणजे लीगने देशभर मुस्लिम जागा जिंकल्या त्या वेळी, सुमारे ब्याण्णव टक्के मुस्लिम वस्तीच्या या प्रांताने काँग्रेसला पन्नासपैकी तीस जागा दिल्या आणि लीगला सतरा. हा निकाल फार काळ टिकणार नव्हता. बिहार, पंजाब आणि हजारा येथील दंगलींनी वातावरण पेटले, ऑक्टोबरमध्ये दौऱ्यावर आलेल्या नेहरूंच्या गाड्यांवर दगडफेक झाली, आणि पीर-मुल्लांच्या मदतीने लीगने इस्लाम संकटात असल्याची हाक दिली. अब्दुल गफार खान त्याच सुमारास गांधींबरोबर बिहारमधील मुसलमानांच्या गावांतून हिंडत होते, आणि त्यांच्या घरच्या मैदानात राजकारणाचे पारडे फिरत होते. त्यांचा स्वतःचा थोरला मुलगा, कवी गनी खान, याने १९४७ साली खिदमतगारांच्या रक्षणासाठी 'झलमे पख्तून' हे सशस्त्र दल उभारले, हे तर शपथेच्या भिंतीला आतून गेलेले भगदाड होते.

फाळणीच्या ३ जूनच्या योजनेत या प्रांतापुरते सार्वमत ठेवले गेले, कारण पश्चिम पंजाब पाकिस्तानात गेल्यावर तो हिंदुस्थानशी जोडणारा भूभागच उरत नव्हता. पर्याय दोनच होते, हिंदुस्थान की पाकिस्तान. प्रांतांना स्वतंत्र राहण्याची मुभा देणारा आधीचा आराखडा नेहरूंनी हिंदुस्थानचे तुकडे होतील म्हणून फेटाळायला लावला होता, आणि त्यामुळे सरहद्दीसाठी तिसरा पर्याय मागण्याची जागा काँग्रेसने स्वतःच गमावली होती. कार्यसमितीने योजना मान्य केली. गांधी आणि अब्दुल गफार खान यांनी विरोध नोंदवला, आणि आपल्याला लांडग्यांच्या तोंडी दिले, ही खानांची तक्रार पुढे आयुष्यभर कायम राहिली. २१ जूनला बन्नू येथे खिदमतगारांनी स्वतंत्र पख्तून राज्याची मागणी केली आणि ती अमान्य झाल्यावर सार्वमतावर बहिष्कार टाकला. जुलैमधील मतदानात पाकिस्तानच्या बाजूने २,८९,२४४ आणि हिंदुस्थानच्या बाजूने २,८७४ मते पडली. एकूण मतदार ५,७२,७९८ होते, म्हणजे पाकिस्तानला मिळालेली मते निम्म्याहून जेमतेम अधिक होती. बहिष्कार नैतिकदृष्ट्या सुसंगत असला तरी त्याने लीगला एकहाती विजय मिळवून दिला, ही टीका रास्त आहे. मात्र भाग घेऊन 'हिंदुस्थान' या चौकटीखाली मते मागणे म्हणजे त्या उन्हाळ्यात प्रांतभर रक्तपाताला आमंत्रण देणे होते, हेही तितकेच खरे.

पाकिस्तान स्थापन होऊन आठवडा झाला असता, २२ ऑगस्ट १९४७ रोजी डॉ. खानसाहेबांचे बहुमतातील मंत्रिमंडळ बडतर्फ झाले आणि काँग्रेसमधून लीगमध्ये गेलेले अब्दुल कय्यूम खान मुख्यमंत्री झाले. फेब्रुवारी १९४८ मध्ये कराचीच्या घटना परिषदेत अब्दुल गफार खानांनी पाकिस्तानशी निष्ठेची शपथ घेतली आणि पुढच्याच महिन्यात तेथे खुलासा केला की पठाणिस्तान म्हणजे वेगळे राष्ट्र नव्हे. जसा पंजाब पंजाब्यांचा आणि सिंध सिंध्यांचा, तसे आपल्या प्रांताला पख्तूनांचे नाव असावे, एवढेच आपले म्हणणे आहे. जून १९४८ मध्ये त्यांना अटक झाली आणि ती कैद वाढत-वाढत १९५४ पर्यंत गेली. १२ ऑगस्ट १९४८ रोजी चारसद्द्याजवळच्या बाबडा येथे अटकेच्या निषेधार्थ निघालेल्या खिदमतगारांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारने पंधराच्या आसपास मृत्यू मान्य केले, लोकांचा हिशेब शेकड्यांत आहे. संघटनेवर बंदी आली, काबूल नदीकाठी सरदरयाब येथे स्वतःच्या श्रमाने बांधलेले तिचे मुख्य केंद्र जमीनदोस्त करण्यात आले आणि कागदपत्रे नाहीशी झाली. इंग्रजांच्या गुप्त अहवालांच्या फायली मात्र शाबूत राहिल्या, ज्यामुळे या चळवळीचा इतिहास दीर्घकाळ तिच्या विरोधकांच्या नोंदींवरून लिहिला गेला.

थोरल्या भावाने जुळवून घेण्याचा मार्ग पत्करला, डॉ. खानसाहेब १९५४ साली केंद्रीय मंत्रिमंडळात गेले, पुढे पश्चिम पाकिस्तानचे मुख्यमंत्री झाले आणि मे १९५८ मध्ये लाहोरला त्यांची हत्या झाली. धाकट्याने मात्र चार प्रांत मिटवून एकच पश्चिम पाकिस्तान करणाऱ्या त्याच योजनेला विरोध केला, जिच्यातून झालेल्या प्रांताचे भाऊ मुख्यमंत्री होते, आणि तो पुन्हा तुरुंगात गेला. १९६२ साली ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्यांना त्या वर्षीचा राजबंदी म्हणून निवडले. १९६४ साली उपचारांसाठी सोडल्यावर ते विलायतेहून काबूलला गेले आणि १९७२ च्या अखेरीपर्यंत तेथेच राहिले. गांधी जन्मशताब्दीनिमित्त १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये ते हिंदुस्थानात आले तेव्हा अहमदाबादची दंगल नुकतीच होऊन गेली होती. त्यांनी तीन दिवस उपोषण केले, दंगलग्रस्त भागांत हिंडले आणि नोव्हेंबरात संसदेच्या संयुक्त बैठकीत यजमानांना गांधींना विसरल्याबद्दल स्पष्ट शब्दांत सुनावले. भारताने १९८७ साली त्यांना भारतरत्न दिले. भारताचे नागरिक नसलेले ते या सन्मानाचे पहिले मानकरी. २० जानेवारी १९८८ रोजी पेशावरला त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार दफन सीमेपलीकडे जलालाबादला झाले. अफगाण सरकार आणि मुजाहिद यांच्यातील लढाई अंत्यविधीपुरती थोपवण्यात आली होती, तरी तेथे झालेल्या बॉम्बस्फोटांत दफनाला आलेली माणसे मेली.

कराचीच्या परिषदेत त्यांनी मागितलेले नाव बासष्ट वर्षांनी त्यांच्या वारसांनी मिळवले. त्यांचा मुलगा वली खान याने १९८६ साली स्थापलेल्या अवामी नॅशनल पक्षाचे सरकार प्रांतात असताना, एप्रिल २०१० मधील अठराव्या घटनादुरुस्तीने वायव्य सरहद्द प्रांत 'खैबर पख्तुनख्वा' झाला. प्रांताच्या पूर्वेकडील हजारा विभागात बहुसंख्य लोक हिंदको बोलतात. त्यांना हे नाव आपल्यावर लादलेले वाटले, ॲबटाबादला निदर्शने पेटली आणि पोलिसांच्या गोळीबारात किमान सात माणसे ठार झाली. गोळीबाराच्या वेळी पेशावरात सत्तेवर होता तो खुदाई खिदमतगारांचा वारसा सांगणारा पक्ष.